मुका अग्नि

अग्नीशीं मनुष्याची ओळख फार जुनी आहे. परंतु गॅसच्या अग्नीशीं झालेली त्याची ओळख अवघ्या सव्वादोनशें वर्षांची आहे. ह्या दोन ओळखींत एक मोठा भेद आहे, आणि त्याकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांचें जावें तितकें लक्ष जात नाहीं. लांकडाचा विस्तव बोलका असतो. पेटतांना तो धुरावतो, चटचट आवाज करितो, विझतांना राखेंतून लाल डोळे दाखवितो. त्याच्यापासून भय केव्हां आहे व केव्हां नाहीं हें लहान मुलालाहि कळतें. गॅसचें तसें नाहीं. न पेटलेला गॅस डोळ्यांना दिसत नाहीं. तो हळूच झिरपत असला तर कानाला ऐकूं येत नाहीं. आणि तो शुद्ध असला तर नाकालाहि त्याचा पत्ता लागत नाहीं. तो मुका अग्नि आहे. ह्या मुक्या अग्नीला वाचा देण्यासाठीं जी खटपट झाली, तिचाच इतिहास म्हणजे गॅसवरील सुरक्षित पाकाचा इतिहास, असें आमचें मत आहे.

हा इतिहास सांगण्यासाठीं आम्ही एक विशिष्ट वस्तु निवडली आहे. अमेरिकेंत घराच्या मागल्या अंगणांत, उघड्या आकाशाखालीं, लोखंडी जाळीवर पदार्थ भाजण्याची गॅसची शेगडी असते. तिला तिकडे ‘ग्रिल’ म्हणतात. आमच्या पुष्कळ वाचकांचीं मुलें, भावंडें, नातवंडें त्या देशांत राहतात, आणि उन्हाळा लागला कीं त्यांच्याहि अंगणांत ही शेगडी बाहेर निघते. तिच्याबरोबर एक लहानसें पुस्तक येतें. त्यांत ‘हें करावें, हें करूं नये’ अशी नियमांची लांबलचक माळ असते, आणि बहुतेक लोक तें न वाचतांच कपाटांत टाकून देतात. नियम रुक्ष वाटतात ह्याचें कारण त्यांचा इतिहास कोणी सांगत नाहीं. तो कळला तर तेच नियम वाचावेसे वाटतील, आणि मुख्य म्हणजे ते ध्यानांत राहतील.

उघड्यावर भाजण्याची चाल अर्थातच गॅसहून फार प्राचीन आहे. स्पॅनिश लोक कॅरिबियन समुद्रांतील बेटांवर उतरले, तेव्हां तेथील ताइनो लोक लांकडाच्या उंच मांडवीवर मांस व मासे ठेवून खालीं मंद विस्तव करीत असलेले त्यांना आढळले. त्या मांडवीच्या नांवावरून स्पॅनिश भाषेंत ‘बार्बाकोआ’ हा शब्द आला, आणि त्यावरूनच पुढें इंग्रजींतील ‘बार्बेक्यू’ हा शब्द निघाला. गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो ह्या इतिहासकारानें 1526 सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत ह्या रीतीची नोंद केली आहे. आमच्या शेतावरचा हुरडा काय किंवा कुलाब्याकडील पोपटी काय, मूळ कल्पना तीच: विस्तव उघड्यावर, माणसें भोंवतीं, आणि धूर कोणीकडे जातो तें पाहून बसण्याची जागा बदलणें. ह्या सर्व प्रकारांत विस्तव डोळ्यांसमोर असतो. तो कोणाला फसवीत नाहीं.

गॅसचा अग्नि प्रथम आला तो स्वयंपाकघरांत नव्हे, तर दिव्यांत. विल्यम मर्डॉक ह्या स्कॉटिश यंत्रज्ञानें कॉर्नवॉलमधील रेडरुथ गांवीं दगडी कोळसा बंद भांड्यांत तापवून त्यांतून निघणाऱ्या गॅसनें 1792 सालीं आपल्या घरांत दिवे लावले. पुढें वीस वर्षांनीं, 1812 सालीं, लंडनमध्यें गॅस पुरविणाऱ्या कंपनीला राजाची सनद मिळाली आणि रस्त्यांखालून नळ जाऊं लागले. दिवसा मात्र ह्या नळांतील गॅसला कांहीं काम नसे. तेव्हां त्यावर अन्न शिजवितां येईल काय, हा विचार सुचणें स्वाभाविक होतें. नॉर्दॅम्प्टनच्या गॅसकंपनींतील जेम्स शार्प ह्यानें 1826 सालीं गॅसच्या शेगडीचें पेटंट घेतलें आणि दहा वर्षांनीं अशा शेगड्यांचा कारखाना काढला.

परंतु लोक बिचकत होते. गॅसवर शिजलेल्या अन्नाला गॅसचा वास लागेल, तें खाऊन विषबाधा होईल, घर उडून जाईल, अशा शंका त्या वेळच्या इंग्लंडांत घरोघर होत्या. ह्या शंका घालविण्यास अलेक्सिस स्वायर नांवाचा फ्रेंच आचारी फार उपयोगी पडला. लंडनच्या रिफॉर्म क्लबाचें जें प्रसिद्ध स्वयंपाकघर 1841 सालीं चालूं झालें, त्यांत त्यानें गॅसच्या शेगड्या बसविल्या. हवी तेव्हां आंच वाढवावी, नको तेव्हां ती बंद करावी, ही सोय तो पाहुण्यांना मोठ्या अभिमानानें दाखवी. 1850 सालीं एक्झेटर शहरीं शेतकीमंडळाची मोठी मेजवानी होती. त्या वेळीं तेथील किल्ल्याच्या आवारांत, उघड्यावर, मांसाचा एक अवाढव्य तुकडा त्यानें गॅसच्या ज्योतींवर भाजून दाखविला. आजच्या अंगणांतील शेगडीचा पूर्वज शोधावयाचा तर तो आम्हांस ह्या किल्ल्याच्या आवारांत सांपडतो.

ह्यानंतरची पायरी प्रयोगशाळेंत घडली. नळाच्या तोंडाशीं नुसता गॅस पेटविला तर त्याची ज्योत पिंवळी व काजळी धरणारी होते. दिव्याला ती चालते, पण भांड्याला चालत नाहीं. जर्मनींतील हायडेलबर्ग येथील रसायनाचार्य रॉबर्ट बुन्सेन आणि त्यांचे यंत्रकार पेटर देसागा ह्यांनीं 1855 सालीं एक साधी नळी तयार केली. तिच्या बुडाशीं भोकें होतीं. गॅस वेगानें वर चढूं लागला कीं तो ह्या भोकांतून हवा आपल्याबरोबर ओढून घेई, आणि दोहोंचें मिश्रण होऊन तें नळीच्या तोंडाशीं निळ्या, स्वच्छ व अतिशय उष्ण ज्योतीनें जळे. आजच्या प्रत्येक गॅसच्या शेगडीच्या पोटांत हीच युक्ति आहे. ज्योत निळी असली तर हवा पुरेशी येते आहे, पिंवळी व लांबट झाली तर हवेची वाट कोठें तरी अडली आहे, एवढें समजलें तरी ह्या अग्नीची अर्धी भाषा आली असें म्हणावें.

आमच्या मुंबईंतहि गॅस फार उशिरां आला नाहीं. 1865 च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या कांहीं रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले. ह्या कोळशाच्या गॅसचा एक दुर्गुण असा कीं तो विषारी होता, कारण त्यांत कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ असे. आणि एक गुण असा कीं त्याला स्वतःचा उग्र वास होता. कोळशांतील गंधकादि द्रव्यांचा अंश त्यांत राहिलेला असे. नळ फुटला, तोटी सैल राहिली, तर घरांतील माणसांना तें नाकानें कळे. म्हणजे तो अग्नि अगदींच मुका नव्हता. तो मुका झाला तो ह्यानंतर, आणि तोहि शुद्ध झाल्यामुळें, ही ह्या कथेंतील विलक्षण गोष्ट आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत खनिज तेलाच्या विहिरी जिकडे तिकडे खोदल्या जात होत्या. 1910 सालीं वॉल्टर स्नेलिंग ह्या सरकारी रसायनज्ञाकडे पेट्रोलच्या वाफांचा प्रश्न आला. विकत घेतलेलें पेट्रोल घरीं नेईपर्यंत उडून जातें, अशी मोटारवाल्यांची तक्रार होती. स्नेलिंग ह्यांनीं एका बरणींत पेट्रोल घेतलें, तेव्हां तिचें बूच पुनः पुनः उडूं लागलें, असें सांगतात. त्या वाफा निरनिराळ्या करून पाहतां त्यांत प्रोपेन व ब्युटेन हे वायु मुख्य निघाले. दाब दिला असतां ह्या वायूंचें सहज पाणी होतें, आणि दाब काढतांच तें पाणी पुनः वायु बनतें. प्रोपेनचें हें पाणी उकळावयास उष्णता लागत नाहीं. शून्याखालीं 42 अंश सेल्सियसलाच तें उकळतें. एका घागरीएवढ्या द्रवाचा सुमारें 270 घागरी वायु होतो. त्यामुळें नळ नसलेल्या खेड्यांतहि लोखंडी सिलिंडरांतून अग्नि पोंचवितां येऊं लागला. 1912 सालीं पेन्सिल्व्हेनियांतील एका घरांत तो प्रथम जळला, आणि 1913 सालीं स्नेलिंग ह्यांना त्याचें पेटंट मिळालें.

तेलाच्या विहिरींतून निघणारा नैसर्गिक गॅस काय आणि सिलिंडरांतील प्रोपेन काय, शुद्ध केल्यावर दोहोंना वास जवळजवळ राहत नाहीं. कारखानदारांना हा गुण वाटला. त्याची किंमत मात्र भलत्यांनींच दिली.

टेक्सस संस्थानाच्या पूर्व भागांत न्यू लंडन म्हणून एक गांव आहे. आसपास तेलाच्या विहिरी असल्यामुळें तें फार सधन झालें होतें, आणि तेथील मोठी शाळा हें गांवाचें भूषण होतें. शाळेनें खर्च वांचविण्यासाठीं तेलविहिरींवर वायां जाणाऱ्या गॅसच्या नळाला आपला नळ जोडून घेतला होता. त्या भागांत ही गोष्ट सर्रास चाले. नळाला कोठें तरी गळती लागली आणि इमारतीच्या जमिनीखालच्या पोकळींत गॅस सांचत गेला. त्याला रंग नव्हता, वास नव्हता. 18 मार्च 1937 रोजीं दुपारीं तीन वाजल्यानंतर, शाळा सुटण्यास कांहीं मिनिटें राहिलीं असतांना, कामशाळेंतील एका विजेच्या यंत्राचें बटण दाबलें गेलें. ठिणगी उडाली, आणि सारी इमारत वर उचलली जाऊन खालीं कोसळली. सुमारें तीनशें माणसें मेलीं, आणि त्यांत बहुतेक मुलें होतीं. तेलविहिरींवर काम करणारे बाप हातांनीं विटा उपसून आपलीं मुलें शोधीत होते. त्या गांवांत असें घर क्वचितच राहिलें असेल कीं ज्याला त्या दिवसाचा चटका बसला नाहीं.

ह्या अनर्थानंतर थोड्याच आठवड्यांत टेक्ससच्या विधिमंडळानें कायदा केला कीं, लोकांच्या वापरासाठीं जाणाऱ्या गॅसमध्यें दुर्गंधी द्रव्य मिसळलेंच पाहिजे. ही रीति पुढें इतरत्रहि पसरली. आज सिलिंडरच्या गॅसला कुजक्या कोबीसारखा किंवा लसणीसारखा जो घाण वास येतो तो गॅसचा नव्हे. तो त्यांत मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टन नांवाच्या गंधकयुक्त द्रव्याचा आहे. हें द्रव्य इतकें तीव्र असतें कीं हवेंतील गॅस पेटण्याजोगा होण्यापूर्वीं पुष्कळच आधीं, म्हणजे त्या मर्यादेच्या एकपंचमांशावर असतांनाच, तो नाकाला कळावा असें प्रमाण ठरविलेलें आहे. मुक्या अग्नीला वाचा फुटली ती अशी. गॅसचा वास आल्यावर जी गृहिणी नाक मुरडून खिडकी उघडते, तिला त्या वासामागें न्यू लंडनचीं मुलें उभीं आहेत हें ठाऊक असलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

आतां आपण अमेरिकेच्या मागल्या अंगणांत येऊं. दुसरें महायुद्ध संपल्यावर तेथील मध्यम वर्ग शहरें सोडून उपनगरांत राहावयास गेला. प्रत्येक घराला हिरवळीचा एक तुकडा मिळाला, आणि रविवारीं त्या हिरवळीवर बार्बेक्यू करणें हा गृहस्थाचा छंद होऊन बसला. जळण म्हणून दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या मिळत. हेन्री फोर्ड ह्यांच्या मोटारींसाठीं जें लांकूड कापलें जाई त्याच्या तुकड्यांपासून अशा वड्या 1920 नंतरच्या दशकांत मिशिगनमध्यें मोठ्या प्रमाणावर होऊं लागल्या होत्या. 1952 सालीं शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन ह्या गृहस्थानें, समुद्रांतील तरंगत्या खुणांचे पिंप जेथें बनत त्याच कारखान्यांत, असा एक गोल पिंप मधोमध कापून खालीं परळ व वर झांकण अशी शेगडी केली. झांकणामुळें वारा व पाऊस ह्यांपासून विस्तव वांचला आणि उष्णता आंत कोंडली गेली. पुढें 1960 च्या सुमारास गॅस विकणाऱ्या कंपन्या ह्या अंगणांत शिरल्या. आर्कान्सास-लुइझियाना भागांतील कंपनी त्यांत अग्रेसर होती. घरांत जळतो तो गॅस अंगणांतहि जळावा, म्हणजे खप वाढेल, हा त्यांचा हेतु होता. कोळसा पेटण्याची वाट पाहणें नाहीं, राख नाहीं, हात काळे होणें नाहीं. लोकांना ही सोय आवडली, आणि थोड्याच दशकांत कोळशाची शेगडी मागें पडून सिलिंडरची शेगडी पुढें आली.

ह्या नव्या शेगडींत एक नवाच धोका होता, आणि तो झांकणाचा होता. प्रोपेन हा हवेहून सुमारें दीडपट जड असतो. तो वर उडून जात नाहीं. पाण्यासारखा खालीं उतरून खोलगट जागीं सांचतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा 2 ते 9.5 असलें कीं एक ठिणगी पुरे. झांकण घातलेल्या शेगडींत तोटी उघडली आणि ज्योत तत्काळ पेटली नाहीं, तर ती शेगडी हें एक लहानसें कोठार बनतें. म्हणून नियम असा कीं पेटवितांना झांकण सताड उघडें असावें. सिलिंडरची चावी हळूहळू उघडावी. एकच तोटी प्रथम उघडून ती लगेच पेटवावी. कांहीं क्षणांत ती पेटली नाहीं तर सर्व कांहीं बंद करून पांच मिनिटें स्वस्थ बसावें, आणि मगच पुनः यत्न करावा. ही पांच मिनिटें लोकांना जड जातात. परंतु सांचलेला गॅस हवेंत विरून जाण्यास तेवढा अवकाश द्यावाच लागतो. भुंवया जळालेल्या गृहस्थांच्या कथा अमेरिकेंत ज्या ऐकूं येतात, त्या बहुधा ह्या पांच मिनिटांच्याच असतात.

दुसरा नियम साबणाचा. मर्कॅप्टननें नाकाला खबर दिली खरी, परंतु मोकळ्या अंगणांत वारा असतो, आणि लहानशी गळती नाकाला कळतेच असें नाहीं. म्हणून भांडीं घासण्याचा साबण पाण्यांत कालवून तें पाणी नळीला व सर्व जोडांना लावावें आणि सिलिंडरची चावी उघडून पाहावें. कोठें बुडबुडे वाढूं लागले तर तेथें गळती आहे. तत्काळ चावी बंद करावी. गळती शोधण्यासाठीं काडी ओढणें हा आत्मघाताचा मार्ग होय. वासानें जें नाकाला सांगितलें तेंच साबण डोळ्यांना सांगतो. दोन पैशांच्या साबणानें होणारी ही परीक्षा हंगामाच्या आरंभीं आणि सिलिंडर बदलतांना प्रत्येक वेळीं करावी, असें जाणते लोक सांगतात.

सिलिंडराची कथाहि बोधप्रद आहे. द्रवरूप प्रोपेन उन्हानें तापला कीं पाण्यापेक्षां कित्येक पट फुगतो. म्हणून सिलिंडर काठोकाठ न भरतां शेंकडा 80 पर्यंतच भरावा लागतो. वजनावर किंवा भरणाऱ्याच्या अंदाजावर विसंबून हें चाले तोंवर कधीं ना कधीं चूक होई, आणि उन्हांत ठेवलेल्या मोटारींत सिलिंडरची सुरक्षा-झडप सुटून गॅस बाहेर येई. अमेरिकेंतील अग्निनिवारण संघाच्या 1998 च्या नियमावलीनें सिलिंडराच्या आंतच एक तरंगता गोळा असलेली झडप बसविण्याची सक्ति केली. ठराविक पातळी आली कीं ती आपोआप भरणें थांबविते. 2002 पासून ही झडप नसलेला घरगुती लहान सिलिंडर पुनः भरून देणें बंद झालें. अशा सिलिंडरची चावी त्रिकोणी असते. तिच्याकडे पाहतांच मनुष्यानें तो ओळखावा. जोडणीचा जो मोठा प्लास्टिकचा फिरकीचा तुकडा असतो, तोहि विचारपूर्वक तसा केला आहे. भोंवतीं आग लागली तर तो वितळतो आणि गॅसचा मार्ग बंद होतो. आणि नळी तुटून गॅस एकदम जोरानें सुटूं लागला तर आंतला अडसर तो प्रवाह रोखतो. चावी घाईनें उघडली तरीहि हाच अडसर पडतो आणि शेगडी मंद जळते. मग लोक म्हणतात कीं शेगडी बिघडली. ती बिघडलेली नसते. तिला आपल्या घाईचा संशय आलेला असतो.

ह्या सर्व शास्त्राला हरविणारा एक क्षुद्र जीव आहे, आणि तो म्हणजे कोळी. हिवाळाभर शेगडी झांकून ठेविली असतां तिच्या नळ्यांत कोळी जाळें विणतो. बुन्सेनच्या युक्तींत हवा ज्या वाटेनें आंत ओढली जाते, नेमकी तीच वाट त्या जाळ्यानें अडते. मग गॅस पुढें न जातां मागें फिरतो आणि ज्योत नको त्या ठिकाणीं, चाव्यांच्या पाठीमागें, पेटते. म्हणून वसंत ऋतूंत शेगडी बाहेर काढल्यावर प्रथम नळ्या लांब कुंच्यानें साफ कराव्या, ज्योतीचा रंग पाहावा, आणि मगच पाहुण्यांना आमंत्रण द्यावें. हायडेलबर्गच्या आचार्यांची विद्या एका कोळिष्टकानें निष्फळ व्हावी, ही निसर्गाची थट्टाच म्हणावयाची.

जागेसंबंधींचे नियम सर्वांत सोपे, आणि तेच सर्वांत अधिक मोडले जातात. शेगडी घराच्या भिंतीपासून, लांकडी कठड्यापासून व झाडांच्या फांद्यांपासून 10 फूट तरी दूर असावी. वळचणीखालीं, गच्चीच्या छपराखालीं किंवा मोटारीच्या खोलींत ती कधीं पेटवूं नये. कोंडलेल्या जागीं गॅस जळतांना तोच जुना विषारी कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो, आणि त्याला मात्र अजूनहि वाचा फुटलेली नाहीं. सिलिंडर नेहमीं उभा व घराबाहेर ठेवावा. भाजतांना गळलेली चरबी खालच्या ताटलींत सांचते व पेट घेते. ती दर वेळीं पुसून काढावी, आणि पेटलीच तर तिच्यावर पाणी ओतूं नये. तोट्या बंद करून झांकण घालावें. अमेरिकेंत अशा शेगड्यांमुळें वर्षास दहा हजारांहून अधिक आगी लागतात असें अग्निनिवारण संघानें 2014 ते 2018 ह्या वर्षांच्या नोंदींवरून सांगितलें आहे. त्यांत गॅसच्या शेगड्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि साफ न केलेली शेगडी हें त्याचें एक ठळक कारण आहे.

अग्नीपासून बचावलेला मनुष्य अन्नापासूनहि बचावला पाहिजे. 1993 च्या आरंभीं अमेरिकेच्या पश्चिम भागांत अर्धेंकच्चें खिमामांस खाऊन सातशेंहून अधिक लोक आजारी पडले व चार मुलें दगावलीं. ई. कोलाय नांवाच्या जंतूची ती करणी होती. त्यानंतर तपासांत असें दिसून आलें कीं वरचा रंग तपकिरी झाला म्हणजे आंतील जंतु मेले असें मुळींच नाहीं. म्हणून तेथील सरकार सांगतें कीं खिमामांसाच्या पोटांत 71 अंश सेल्सियस आणि कोंबडीच्या मांसांत 74 अंश उष्णता पोंचली हें टोंचणीच्या तापमापकानें पाहावें. कच्चें मांस ज्या ताटांत आणलें त्याच ताटांत भाजलेलें घेऊं नये. येथेंहि तीच गोष्ट: धोका मुका असतो, आणि त्याला बोलतें करण्यास एखादें लहानसें साधन लागतें.

आमच्या स्वयंपाकघरांतील सिलिंडरचा इतिहास ह्याच वंशांतला आहे. 1955 च्या सुमारास मुंबईंत बर्मा-शेलनें सिलिंडरचा गॅस विकावयास आरंभ केला, आणि 1965 सालीं कलकत्त्यास इंडेनची पहिली जोडणी झाली. त्यानंतर चूल व रॉकेलचा स्टोव्ह मध्यम वर्गाच्या घरांतून हळूहळू गेला. आजहि आमचीं माणसें परदेशीं जातात तीं येथील संवय बरोबर घेऊन जातात. येथील शेगडी उघडी असते. तीवर झांकण नसतें, आणि लायटर हातांत धरून तोटी फिरविली कीं काम होतें. तीच संवय झांकणाच्या शेगडीवर चालवूं गेल्यास घात होतो. न्यू जर्सीच्या अंगणांत कणसें, पापलेट किंवा भरतासाठीं वांगें भाजणाऱ्या मराठी तरुणानें प्रथम झांकण उघडावें, मग चावीला हात लावावा, हा क्रम त्याच्या हाडींमासीं खिळला पाहिजे. उलट, तेथला जड गॅसचा धडा येथेंहि तितकाच खरा आहे. रात्रीं स्वयंपाकघरांत तो घाण वास आला तर दिव्याचें बटण दाबूं नये, पंखा लावूं नये. सिलिंडरची चावी बंद करावी, दारें-खिडक्या उघडाव्या आणि बाहेर यावें. न्यू लंडनचा स्फोट एका बटणानेंच झाला होता.

कांहीं लोक म्हणतात कीं इतके नियम पाळावयाचे असतील तर जुनी चूलच बरी. आम्हांस हें म्हणणें पटत नाहीं. चुलीच्या धुरानें आमच्या आज्या-पणज्यांचे डोळे व फुप्फुसें किती गेलीं ह्याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं, एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाहीं. प्रत्येक अग्नि कांहीं तरी मागतो. चुलीनें शरीर मागितलें. गॅस लक्ष मागतो. मुलांना आपण विस्तवाला हात लावूं नको असें शिकवितों, कारण तो भाजतो हें आपणांस दिसतें. गॅसचें शिक्षण मात्र दिसत नाहीं म्हणून देण्याचें राहून जातें, आणि घरांतील एक वडील माणूस सोडून बाकीच्यांना सिलिंडरची चावी कोणत्या बाजूस फिरवून बंद होते हेंहि ठाऊक नसतें. तेवढें तरी घरांतील प्रत्येकानें, मुलामुलींसुद्धां, एकदां हातानें करून पाहावें. कारण ज्या दिवशीं तो वास येईल त्या दिवशीं वडील माणूस घरीं असेलच असें नाहीं.